सिगारची जाडी, लांबी आणि चव: रिंग गेजचा फरक नेमका कुठे पडतो?

लेथवाला

नमस्कार मंडळी. या विषयावर मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून धागा काढतोय. चाळीस वर्षं भोसरीत टूलरूममधे गेली, त्यामुळे माप दिसलं की हात आपोआप व्हर्निअरकडे जातो. वर्षातून पाच-सहा वेळा, रात्री जेवण झाल्यावर, गच्चीत बसून एखादी सिगार ओढतो. शौक एवढाच, पण तो नीट समजून घेऊन करायचा आहे.

गणपतीच्या सुमारास भाचा अमेरिकेहून आला. येताना एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण तीन वेगळ्या मापांच्या सिगारी घेऊन आला, प्रत्येकी चार. निकाराग्वाच्या. डब्यांवर मापं होती ७ × ३८, ५ × ५० आणि ६ × ६०. पहिला आकडा लांबीचा, इंचात. दुसरा रिंग गेज, म्हणजे जाडी: एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले किती.

हे चौसष्टावं प्रकरण ऐकायला किचकट वाटतं, पण आपल्याकडे सुतार आणि बांधकामवाले अजून सुतात बोलतात. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत बरोबर ८ रिंग. ४८ रिंग म्हणजे सहा सूत, पाऊण इंच. ५० रिंगची सिगार १९.८ मिमी भरते. घराच्या बीममधे घालतात ती सहा सुती सळई डोळ्यांपुढे आणा. ३८ची १५ मिमी, पाच सुतीपेक्षा किंचित बारीक. ६०ची २३.८ मिमी, साडेसात सूत. हाताने वळलेल्या वस्तू आहेत, तरी व्हर्निअर लावून बघितलं तर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त चूक कुठेही सापडली नाही. वळणाऱ्या हातांना मनापासून नमस्कार.

आता खरी गंमत. बारीक सिगार १७८ मिमी लांब, मधली १२७. शेजारी ठेवल्या तर कुणीही म्हणेल की लांब सिगारीत तंबाखू जास्त. घनफळ काढलं तर उलट निघालं. बारीक ३२ घन सेंमी, मधली ३९ आणि जाड सिगार तब्बल ६८. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आहे माझ्याकडे, त्यावर १०, १२ आणि २१ ग्रॅम भरल्या. जाडीचा वर्ग होतो, लांबीचा होत नाही. ४२ रिंगवरून ६०वर गेलं की तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, आकडे मात्र ४२ आणि ६० असे जवळजवळचे दिसतात.

दुसरा हिशेब वरच्या पानाचा. सिगारीचं वरचं पान वेगळं असतं, निवडून घेतलेलं, महागाचं, आणि चवीतला मोठा वाटा त्याचा असं म्हणतात. बाकरवडीचं बघा. वळकटी बारीक केली की दर घासाला पारी जास्त लागते, जाड केली की सारण. इथेही तेच. ३८ रिंगच्या सिगारीत दर घन सेंमी तंबाखूमागे वरच्या पानाचा वाटा ६० रिंगच्या जवळपास १.६ पट आहे.

ओढल्यावर काय झालं ते सांगतो.

७ × ३८: सुरुवात फारच सुंदर. आधी मिरी, मग सागाच्या भुशासारखा वास, मग गुळाचा हलका गोडवा, एकेक वेगळं ओळखू येत होतं. पण अर्ध्यावर आली आणि गरम झाली. जीभ चुरचुरली, शेवट कडूजहर.

५ × ५०: तीनही भाग चांगले गेले. मिरी कमी, गोडवा जास्त वेळ. पाऊण तास.

६ × ६०: धूर भरपूर, थंड, मऊ. पण चव एकसुरी, अर्धा तास तेच ते. तोंडात धरायलाही अवघडल्यासारखं वाटत होतं. मधे निखारा आत खोल गेला आणि वरचं पान तसंच राहिलं, बोगदा पडल्यासारखं. सवा तास झाला तरी बोटभर शिल्लक होती. शेवटी घाम सुटला, मळमळलं, मग साखर घातलेला चहा घेतला तेव्हा बरं वाटलं. त्या दिवशी जेवण हलकं झालं होतं, त्यामुळे असेल.

प्रश्न दोन. चवीतला फरक फक्त पारी-सारणाच्या प्रमाणाचा आहे की आणखी काही? आणि सुरुवातीला एवढी सुंदर असलेली बारीक सिगार कडू का झाली?

बोटीवरचा

लेथवाला काका, सुताचा हिशेब एकदम पटला. आमच्या इंजिनरूममधे निम्मे पाइप अजून इंचातच आहेत.

मी मर्चंट नेव्हीत आहे. क्यूबात हवानाला दोनदा जाणं झालं, आणि एकदा सुटीच्या दिवशी सिगारींचा कारखाना बघायला मिळाला. त्यावरून सांगतो. तुमचा पारी-सारणाचा हिशेब बरोबर आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो: सारण तिन्हीत सारखंच आहे. ते तसं नसतं.

आतल्या पानांचे मुख्य तीन प्रकार. झाडाच्या शेंड्याकडचं पान लिहेरो: ऊन जास्त खाल्लेलं, जाड, तेलकट, कडक आणि हळू जळणारं. मधलं सेको: वास आणि चव त्याची. खालचं वोलादो: फिकं, पण पटकन जळतं, सिगार पेटती ठेवायचं काम त्याचं. लिहेरो नेहमी मधोमध ठेवतात, कारण ते हळू जळतं. कडेला गेलं तर सिगार एका बाजूने वाकडी जळत जाते. आता ३८ रिंगच्या सिगारीत जागाच किती? एखादं पान कमी करावं लागतं, आणि बऱ्याचदा ते लिहेरोच असतं. उलट ६०मधे जागा भरायला सेको आणि वोलादो जास्त घालावे लागतात. म्हणजे डब्यावर नाव एकच, पण पाककृती प्रत्येक मापाला वेगळी. कारखान्यातला चव जुळवणारा माणूस खटपट करतो ती एवढ्यासाठीच, की माप बदललं तरी नावाची ओळख राहावी.

त्या कारखान्यात एक बाई बारीक सिगारी वळत होत्या. पन्नाशीच्या असतील. समोर लाकडी फळी, हातात चावेता, म्हणजे चंद्रकोरीसारखं बिनमुठीचं पातं. पानं एकावर एक ठेवून पुस्तकासारखी मिटवणं सोपं असतं, पण त्या तसं करत नव्हत्या. प्रत्येक पान बोटांत हलकेच गोल करायचं, पोकळ नळीसारखं, आणि अशा नळ्यांची जुडी. हवा त्या नळ्यांमधून जाते. जुडी वळून झाली की अंगठा आणि दोन बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपायच्या. एका ठिकाणी थांबल्या, जुडी उकलली, एका पानाची शीर काढून टाकली आणि परत वळली. नंतर मला बोट लावून दाखवलं, पण मला काहीही कळलं नाही. जाड सिगारीत अशी एखादी गाठ खपून जाते, हवा बाजूने वाट काढते. बारीक सिगारीत गाठ म्हणजे सगळी नळीच बंद. म्हणून तिथे बारीक आणि लांब माप पक्क्या हाताकडेच देतात.

क्यूबात कारखान्यातलं मापाचं नाव वेगळं आणि डब्यावरचं वेगळं, हेही लक्षात ठेवा. आपण ज्याला रोबुस्तो म्हणतो ते १२४ मिमी × ५०. माँतेक्रिस्तो या ब्रँडची नंबर ४ ही कारखान्यात मारेवा, १२९ × ४२. चर्चिल नावाने प्रसिद्ध असलेलं माप तिथे हुलिएता नंबर २, १७८ × ४७. आणि कोहिबा ब्रँडची लांसेरो म्हणजे लागितो नंबर १, १९२ × ३८. क्यूबाचे फिडेल कास्त्रो ओढायचे ती हीच लांब बारीक. पुढे १९८५मधे त्यांनी सिगार सोडली.

माझ्या मते खरी ओळख पटायची असेल तर ४२ रिंगपासून सुरुवात करावी. ४२ ही जुनी जात आहे. पारी आणि सारण दोन्ही बोलतात.

टँपाकर

बोटीवरचाशी सहमत, पण मला वाटतं दोघांनीही सर्वांत मोठं कारण सोडलं आहे: वेग.

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मी १४ वर्षं फ्लोरिडात टँपाला राहतो. इथली ईबोर सिटी १८८०च्या दशकात सिगारींसाठीच वसली, क्यूबन आणि स्पॅनिश कामगारांनी. आता फार थोडी दुकानं उरली आहेत, पण सातव्या अव्हेन्यूवर अजून काचेमागे बसून वळणारे दिसतात. तिथल्या एका म्हाताऱ्या वळणाऱ्याने मला शिकवलेलं सांगतो.

तुमचं तोंड तेवढंच आहे. ५० रिंगची सिगार असो की ३८ची, झुरका घेताना तुम्ही साधारण तेवढीच हवा ओढता. पण ३८च्या निखाऱ्याचं क्षेत्रफळ ५०च्या ५८ टक्के आहे. तीच हवा लहान निखाऱ्यातून गेली की तो जास्त तापतो. लोहाराच्या भात्यासारखं. तापला की पान जळण्याऐवजी करपतं, तेल उकळतं आणि डांबरासारखा कडूपणा पुढच्या पानांत जाऊन बसतो. तो तिथेच साठतो, म्हणून सुरुवात सुंदर आणि शेवट कडूजहर. शिवाय सिगार आखूड होत जाते तसा धूर थंड व्हायला वाव राहत नाही. लांबीचं खरं काम तेच आहे: लांब सिगारीत सुरुवातीचा धूर बरंच अंतर कापून तोंडात येतो, वाटेत निवतो आणि गाळलाही जातो.

म्हणजे बारीक सिगार वाईट नाही, ती घाई सहन करत नाही. ५० रिंगवर तुम्ही मिनिटाला दोन झुरके घेतलेत तरी ती निभावून नेते. ३८वर मिनिटाला एक, तोही छोटा, चहा फुंकून पिताना घेतो तेवढा. दोन बोटांत धरून बघा. निखाऱ्यापासून दोन बोटं अंतरावर सिगार कोमट लागली पाहिजे. चटका बसायला लागला तर राखदाणीवर ठेवा आणि दोन मिनिटं विसरा.

६०चं कोडं उलटं आहे. क्षेत्रफळ मोठं, म्हणून तुमच्या झुरक्याने निखारा पुरेसा तापतच नाही. चव सुटायलाही उष्णता लागते. धूर थंड आणि भरपूर, पण सपाट. अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही जाडी फार चालली. गिऱ्हाइकाला एवढ्या पैशात एवढा मोठा माल मिळाला असं वाटतं, आणि वळायलाही सोपी. त्यात जुनी ४२-४३ची लांब मापं दुकानातून मागे पडली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आखूड-जाड हाही प्रकार आहे, ४ × ६०. पण धूर निवायला लांबीच नाही, त्यामुळे शेवटचा इंच फार लवकर येतो.

नवखा

खूप माहितीपूर्ण धागा. एक शंका: जाड म्हणजे कडक आणि बारीक म्हणजे सौम्य असं नाही का? मित्राने मला तसंच सांगितलं होतं आणि म्हणून मी नेहमी बारीकच घेतो.

टँपाकर

@नवखा, नाही. कडकपणा पानांवर ठरतो, लिहेरो किती आहे त्यावर. बारीक सिगार उलट जास्त तिखट लागू शकते, कारण वरचं पान जास्त आणि धूर गरम. वरचं पान काळपट, तेलकट असेल तर बारीक मापात ते अगदी पुढे येऊन बसतं.

गिरगावची गच्ची

बोगदा पडण्याबद्दल. लेथवाला काका, सिगारी गणपतीच्या सुमारास आल्या म्हणालात. मुंबईत माझं दरवर्षी हेच व्हायचं. पावसाळ्यात हवेत ८५-९० टक्के ओल. वरचं पान आधी ओल धरतं, मग जळायला तयार होत नाही. आतलं तुलनेने कोरडं, ते जळत पुढे जातं. झाला बोगदा. जाड सिगारीत हे जास्त होतं, कारण बाहेरची ओल गाभ्यापर्यंत पोचायला खूप वेळ लागतो आणि एकदा पोचली की निघायलाही तेवढाच. बारीक सिगार दोन-तीन आठवड्यांत हवेशी जुळते. ६०ला मी दोन महिने देतो. घाई केली तर पान फुगून चिरतं, लांबच्या लांब.

माझी पद्धत साधी आहे. डाळ-तांदळाला वापरतो तसा हवाबंद डबा, त्यात ६५ टक्के ओल राखणारी पुडी आणि ओल मोजायला छोटा हायग्रोमीटर. लाकडी पेटी मुंबईत मी सोडून दिली, झाकणातून ओल येतेच. आणि डबा थंड खोलीत. उकाड्यात तंबाखूतला किडा बाहेर येतो. हा तोच तपकिरी बारका किडा, जो आपल्या धण्यांत, हळदीत आणि सुक्या मिरच्यांत होतो. पहिल्यांदा वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं तेव्हा आईने लांबूनच बघून सांगितलं, अरे हा तर मसाल्यातला. तेव्हापासून नवीन आलेल्या सिगारी पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीजरमधे, मग एक दिवस खाली फ्रीजमधे, मग डब्यात. एकदम बाहेर काढल्या तर तडकतात.

म्हादई

गोव्यातून लिहितेय. सिगार मी ओढत नाही, पण आकाराचं वाचून आजी आठवली, म्हणून थोडं. आमच्याकडे जुन्या बायका धुमटी ओढायच्या. तंबाखूचं पान फणसाच्या नाहीतर केळीच्या वाळक्या पानात वळायचं, निमुळतं, कणसासारखं. एक टोक रुंद, एक अरुंद. आजी विळी घेऊन बसली असताना वळायची, दोऱ्याने बांधायची. आणि कित्येक बायका ती उलटी ओढायच्या, म्हणजे पेटलेलं टोक तोंडात. लहानपणी आम्ही तोंडाच्या उजेडाकडे बघत बसायचो. आजीच्या टाळ्याला पुढे पांढरट, खडबडीत डाग होते. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

शुभ्रा

म्हादई, तुमची आठवण मला फार महत्त्वाची वाटते. मी मुखरोगांची डॉक्टर आहे आणि हा धागा पहिल्या प्रतिसादापासून वाचतेय. आजींच्या टाळ्यावरचे ते डाग आम्हाला पुस्तकात शिकवलेले आहेत. उलट्या ओढण्यात निखाऱ्याची उष्णता सरळ टाळ्यावर जाते. आंध्रात श्रीकाकुळम-विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर बायका चुट्टा, म्हणजे हाताने वळलेली गावठी सिगार, अशीच उलटी ओढतात, आणि टाळ्याचा कर्करोग, जो एरवी कमी दिसतो, तिथे बराच दिसतो. उष्णतेबद्दल टँपाकर यांनी लिहिलं ते चवीपुरतं नाही.

लेथवाला काका, तुमच्या लेखातली एक ओळ मला सोडवत नाही. घाम, मळमळ आणि साखरेच्या चहाने बरं वाटणं. हलक्या जेवणाने ते वाढलं असेल, पण कारण निकोटीन आहे. आणि ते मापाशी थेट जोडलेलं आहे, म्हणून इथेच लिहिते.

सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटीन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून ओढणारा तो छातीत घेतो. सिगारच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटीन गालाच्या आणि जिभेखालच्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात जातं. छातीत धूर न घेताही. एका सिगारेटमधे तंबाखू एक ग्रॅमपेक्षा कमी असते. तुमच्या काट्यावर जाडी सिगार २१ ग्रॅम भरली. म्हणजे एका बैठकीत तुम्ही एका पाकिटापेक्षा जास्त तंबाखू जाळलीत.

आता चव आणि मात्रा यांची फारकत बघा. ६० रिंगचा धूर थंड, मऊ, जिभेला न बोचणारा. तुम्हीच लिहिलंत. जीभ सांगते सौम्य आहे, आणि म्हणून माणूस सवा तास ओढत राहतो. ३८ची चुरचुरते, कडू होते, आणि आपण ती खाली ठेवतो. चवीने मात्रा मोजता येत नाही, जाड मापात तर अजिबात नाही. बारीक सिगार सुरक्षित आहे असं मी म्हणत नाहीये. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका कुठल्याही मापात आहे आणि जितकी जास्त तितका तो वाढतो. माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांत, मी फक्त तोंडात धूर घेतो, गिळत नाही, असं सांगणारे पुष्कळ असतात. वर्षातून पाच-सहा आणि रोज एक यात फार मोठं अंतर आहे, ते तसंच राहू द्या. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर वाट बघू नका.

लेथवाला

शुभ्राताई, मनापासून आभार. ते निकोटीन होतं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. वजन मीच केलं होतं, आकडा मीच लिहिला होता, पण २१ ग्रॅमचा अर्थ ध्यानात आला नव्हता. सौ.ला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने ६०च्या उरलेल्या तीन सिगारी कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्या परत भाच्याकडे जातील.

बोटीवरचा, पाककृती मापागणिक बदलते हे कळल्यावर माझा हिशेब मला अपुरा वाटतो, पण टाकून द्यावासा वाटत नाही. ३८ आणि ५०मधला मिरीचा फरक वरच्या पानाच्या प्रमाणाशी जुळतो. ६०ची सपाट चव मात्र एकट्या भूमितीने सुटत नाही, तिथे सारणही वेगळं असणार.

टँपाकर, तुमचं ऐकून परवा प्रयोग केला. त्याची नोंद देतो.

बोटीवरचा

काका, नोंद देण्याआधी एक विचारतो. टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, किती कापली होती? बारीक सिगारीत टोपी जास्त कापली तर झुरका मोठा येतो आणि निखारा तापतो. निमुळत्या टोकाच्या सिगारींना, म्हणजे माँतेक्रिस्तो नंबर २सारख्या १५६ × ५२च्या पिरामिदला, लोक पसंती देतात त्यामागे हेही कारण आहे. अंग जाड, पण तोंडाशी धूर अरुंद वाटेने येतो, आणि ती वाट किती उघडायची ते कापणाऱ्याच्या हातात. आधी थोडंच कापायचं, ओढून बघायचं, लागलं तर अजून. जोडता येत नाही.

लेथवाला

बरोबर ओळखलंत. पहिल्या वेळी टोपी सरसकट उडवली होती, साधारण ३ मिमी. या वेळी दीड मिमी.

नोंद: सिगार ७ × ३८, त्याच डब्यातली. भरपेट जेवणानंतर, रात्री साडेनऊला, गच्चीत वारा नसताना. आधी तीन आठवडे हवाबंद डब्यात, गिरगावची गच्ची यांनी सांगितल्याप्रमाणे ६५ टक्क्यांची पुडी घालून. मनगटावरचं घड्याळ समोर ठेवलं, मिनिटाला एक झुरका. पहिली दहा मिनिटं हे फार अवघड गेलं, हात आपोआप वर येत होता. मग जमलं.

पेटवल्यावर मिरी होती, पण पहिल्या वेळेसारखी अंगावर येणारी नाही. विसाव्या मिनिटाला राख दोन सेंमी, करडी-पांढरी, न पडता उभी. तिच्यावर पानाच्या शिरांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. पंचविसाव्या मिनिटाला तो गुळाचा गोडवा आला, आणि या वेळी गेला नाही. अधूनमधून निखाऱ्यापासून दोन बोटांवर हात लावून बघत होतो. दोनदा गरम लागली, दोन्ही वेळा ठेवून दिली. एकदा विझायला आली, हलकेच फुंकर घालून जागी केली. पन्नास मिनिटं झाली तेव्हा मोजून ६० मिमी शिल्लक होती, म्हणजे एक तृतीयांश. कडूपणाची सुरुवात अजून झाली नव्हती. जीभ साफ होती, घाम नाही, मळमळ नाही.

ते ६० मिमी मी ओढले नाहीत. राखदाणीवर आडवी ठेवली, तीन-चार मिनिटांत आपली आपण विझली.

५ × ५०च्या तीन शिल्लक आहेत, ३८च्या दोन. पुढची दिवाळीनंतर, थंडी पडली की. बोटीवरचा, ४२ रिंगची मारेवा पुढच्या खेपेला मिळाली तर माझ्यासाठी एकच आणा. मापून बघायची आहे.